साय

शटडाउन लागलं की माझे पाय सुजतात. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, नंदू म्हणतो नोकरी कमी कर. दोघांचंही बरोबर असेल. पण कुरणखाडीचं अणुवीज केंद्र बंद करून आतले पाइप तपासायची वेळ आली की ते काम येणारी माणसं चारदोनच, आणि त्यांतली सगळ्यात जुनी मी. चित्रा मयेकर, वय छप्पन्न, हुद्दा मोठा, खुर्ची मोडकी.

खरं तर आता पाइपात शिरायचं काम माझं नाही, घोरपडीचं. घोरपड म्हणजे आमचं यंत्र. हातभर लांब, आठ पायांचं. पाइपाच्या आतल्या अंगाला चिकटून सरपटतं आणि ध्वनिलहरी सोडून पोलादाच्या पोटात काय चाललंय त्याचं चित्र बाहेर पाठवतं. मी नुसती बाहेर बसून चित्रं बघायची. बसून बसून पाय आणखी सुजतात, ही गंमत डॉक्टरांना कोण सांगणार?

दर शटडाउनला शिसं उपसून एखादाच पाइप नमुना म्हणून तपासतात, आणि त्या दिवशी घोरपड मोठ्या पंपापुढच्या पाइपात होती. वर्षानुवर्षं त्याच त्या करड्या चित्रांनी माझे डोळे विटलेत. मी चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. पाइपाच्या तोंडाशी आतल्या बाजूला काळपट रेघा दिसत होत्या. त्या जागी पोलाद निम्म्याहून जास्त खाल्लं गेलं होतं.

आमची भट्टी शिशावर चालते असं गावात म्हणतात. चालते ती युरेनियमवरच. शिसं फक्त तिची उष्णता वाहून नेतं. वितळलेलं, पाण्यासारखं पातळ शिसं पोलादी पाइपांतून फिरत राहतं. त्याचं एक बरं आहे. पाण्यासारखी त्याची वाफ होत नाही, म्हणून दाब वाढून काही फुटायची भीती नाही, आणि गळलंच तर बाहेर येऊन थिजतं. वाईट एवढंच की ते पोलाद खातं. पोलादात निकेल असतं. गरम पाण्यात गुळाचा खडा विरतो तसं ते निकेल तापलेल्या शिशात विरत जातं. वरून पाइप धडधाकट, आतून भुसभुशीत. आणि शिसं खाल्लेलं पोटात ठेवत नाही. जिथे जरा थंडावा मिळेल तिथे ते सगळं बसवून टाकतं. इंधनाच्या कांड्यांमधल्या अरुंद फटींत असा थर बसला, तर तिथे शिसं पोचत नाही, कांड्या तापत जातात आणि मग देवच वाली.

त्यावरचा उपाय म्हणजे साय. पुस्तकात तिचं लांबलचक नाव आहे, पण आमच्या शॉपमध्ये, म्हणजे लेप द्यायच्या कारखान्यात, पहिल्यापासून सायच. पाइपाला आतून ॲल्युमिनिअमचा लेप देतात आणि ओव्हनमध्ये असा भाजतात की ॲल्युमिनिअम पोलादात मुरतं. पुढे शिशात मुद्दाम ठेवलेल्या किंचित ऑक्सिजनशी त्याची गाठ पडली की वर एक पापुद्रा धरतो, केसाहून कितीतरी पातळ. तो शिशाला चावता येत नाही. ओरखडा पडला तरी दुधावर पुन्हा साय यावी तसा आपला आपण धरतो. अट एकच. खाली ॲल्युमिनिअम मुरलेलं पाहिजे. तेच नसेल तर साय धरणार कशावर?

हे शॉप आमच्याच केंद्राच्या आवारात. इथे साय चढवलेले पाइप इथे तर बसलेच, पण घाटावरच्या दोन केंद्रांनाही गेले. आणि त्या शॉपचा फोरमन, पहिल्या दिवसापासून गेल्या साली निवृत्त होईपर्यंत, नंदकुमार मयेकर. माझा नवरा. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरात नंदू.

सरवदे साहेब, आमचे केंद्रप्रमुख, चित्र बघून नुसते सुस्कारले. चांगला माणूस, पण बिचाऱ्याला झोप नव्हती. "मॅडम, एकच पाइप ना? बदलून टाकू. दिवाळीच्या आत चालू झालं पाहिजे."

त्यांचंही चुकत नव्हतं. केंद्राच्याच उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं होऊन सगळ्या खाडीपट्ट्याला जातं. बर्फाचा कारखानाही त्याच उष्णतेवर. केंद्र बंद म्हणजे गावात टँकर, आणि बंदरात मासळी नासते. सकाळी शेजारच्या मंदावहिनी कळशी घेऊन दारात उभ्याच असायच्या, "चित्राताई, कधी हो चालू होतंय तुमचं?" जसं काही मीच बटण दाबून ठेवलंय.

"पाइप बदलता येईल साहेब," मी म्हटलं. "पण हे कशानं झालं ते आधी कळायला हवं. बाकीच्यांना असेल तर?"

"बाकीच्यांचं नाव काढू नका हो," साहेब म्हणाले आणि गोळी घ्यायला गेले.

त्या भागाचा तुकडा कापून आम्ही प्रयोगशाळेत दिला. तिथे आफरीन मुकादम. दापोलीकडची मुलगी, धातूंची डॉक्टर, तोंडाची फटकळ, म्हणून माझी लाडकी.

"मयेकर मॅडम, तुमचा दोष शिशाचा नाहीच," तिने मला बसायच्या आतच सांगितलं. "ऑक्सिजनचाही नाही. इथे लेप मुळात मुरलाच नाहीये. वरून गेला, पण खाली काहीतरी आडवं होतं. पोळी तव्याला चिकटते ना, तसं काहीतरी जळून बसलंय. आणि त्यात काय सापडलं सांगू? कॅल्शियम. चुना."

"चुना? पाइपात?"

"सिमेंटची धूळ असेल. शॉपचं बांधकाम चालू होतं ना तेव्हा? पहिल्याच सालचा पाइप आहे हा."

"धूळ काय रेघा ओढते, आफरीन?"

"तेच तर!" तिने पडद्यावर चित्र मोठं केलं. चार रेघा शेजारी शेजारी, पाचवी जरा खाली, बाजूला. "कुणी हात ठेवल्यासारखं दिसतं, नाही?" तिने हसत हसत आपला उजवा हात पडद्यावर रेघांवर ठेवला. बोटं बरोबर बसली. पण तिसरी रेघ मध्येच संपलेली. "हे बघा, माझं हे बोट उरतंय."

मी खुर्ची ओढून बसले. कुणाचं बोट उरणार नाही ते मला माहीत होतं.

नंदूची उजव्या हाताची अनामिका अर्धी आहे. तरुणपणी पत्रा कापायच्या यंत्रात गेली. देवाला कुंकू अनामिकेने लावायचं, आणि ह्याची तीच तोकडी. दुसरं कुणी असतं तर मधलं बोट वापरलं असतं. हा पडला भाविक. देवाला उणं नको म्हणून हा पाचही बोटं ओढतो. आमच्या फ्रीजवर, स्कूटरवर, गॅसच्या सिलिंडरवर दर दसऱ्याला तीच खूण, चार रेघा आणि एक खाली, त्यात तिसरी आखूड. इतकी वर्षं पुसतेय मी त्या. ओळखायला यंत्र कशाला लागतंय?

"काय झालं मॅडम? पाय दुखतायत का?"

"हो," मी म्हटलं. "पायच."

घरी आले तर लिंबाचा आणि हळदीचा वास फाटकापर्यंत आलेला. परवावर खंडेनवमी. नंदू पडवीत बसकण मारून कुंकू करत होता. हळद, लिंबाचा रस, तुरटी, चुना. सासूबाई करायच्या तसंच. बाजारचं कुंकू त्याला चालत नाही. ते म्हणे रंगवलेलं पीठ. आणि माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. बाजारचं असतं तर ओव्हनमध्ये जळून गेलं असतं. ह्याचं शुद्ध, म्हणून चुना मागे उरला.

"आलीस? बघ रंग कसा आलाय. यंदा शॉपवाले सत्कार करतायत माझा. नवीन शर्ट इस्त्री करून ठेवलाय."

मी पायरीवर बसले. चपला काढायचंही त्राण नव्हतं. "नंदू, खरं सांग. शॉपमध्ये पाइपांना कुंकू लावायचास?"

"छे! नियम होता ना. मालाला हात लावायचा नाही. यंत्रांना लावायचो."

"मी नियम नाही विचारला."

तो ढवळत राहिला. नंदू खोटं बोलायला लागला की हातातलं काम जास्तच नीट करतो. मग म्हणाला, "एकदा लावलं. पहिल्या साली. खंडेनवमीला पहिला पाइप धुऊन, पुसून ओव्हनसाठी तयार होता."

"आतून?"

"मग काय बाहेरून लावू? क्वालिटीवाले येऊन माझ्या डोक्यावर बसले असते. आत हात घालून लावलं. देवाला दिसलं म्हणजे झालं, त्यांना कशाला दिसायला हवं?"

"अरे, तुला कळत होतं ना? लेपाखाली बोटाचा घामसुद्धा चालत नाही. तूच पोरांना हातमोज्यांवरून शिव्या घालायचास!"

"घाम वेगळा, कुंकू वेगळं," तो म्हणाला, आणि ते तो इतक्या साधेपणाने म्हणाला की मला ओरडताच येईना. "आणि त्या पाइपाशी खाली उतरून पहिली तपासणी कोण करणार होतं? तू. नुसताच कसा पाठवू?"

मला रडू यायला लागलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मी त्याला सगळं सांगितलं. खाल्लेलं पोलाद, आफरीनचा हात, उरलेलं बोट. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. ज्या सायीवर ह्या माणसाने आयुष्य घातलं, रविवारी सुट्टी असतानाही ओव्हनचं तापमान बघायला जायचा, तिला भोक त्याच्याच बोटाने पडलं होतं.

"एकच ना रे, नंदू?" मी विचारलं. "मला खरं खरं सांग. एकच?"

"सांगितलं ना एकच!" तो खेकसला आणि कुंकवाची वाटी घेऊन आत गेला.

माझा विश्वास बसला का? बसावा असं फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सरवदे साहेबांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. सगळं लिहून तयार, फक्त कारणाच्या जागी माझा शब्द आणि खाली सही हवी होती. "एकाकी दोष, असं लिहा," साहेब म्हणाले. "एकच पाइप, तो बदलला, संपलं. नाहीतर तिन्ही केंद्रं बंद ठेवावी लागतील मॅडम. शिसं उपसा, पाइप न् पाइप तपासा. काही महिने जातील. नुसत्या संशयावर मला कोण परवानगी देईल?"

"कारण मला कळलंय साहेब. ते एकावरच आहे की अनेकांवर, ते नाही कळलेलं."

"कसं कळणार?"

"एका माणसाला विचारावं लागेल."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. हुशार माणूस, त्यांनी नाव विचारलं नाही. नुसते म्हणाले, "उद्या पूजेला मयेकर येतायत ना? पोरांनी शाल आणलीय त्यांच्यासाठी."

"येतायत," मी म्हटलं. "सही उद्यापर्यंत राहू द्या."

पेन माझ्या हातातच होतं. आता सांगते, सही करून टाकावी असं मला दहा वेळा वाटलं. नवरा म्हणतोय एकच, तर एकच. त्याची शाल, त्याचा इस्त्रीचा शर्ट, मंदावहिनींचं पाणी, साहेबांची झोप, सगळं त्या एका सहीने जागेवर बसत होतं. मी दमले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता घरातली शोधायची? कशाला? पण घाटावरच्या केंद्रांत त्याच शॉपचे पाइप होते, आणि त्या पाइपांत आत्ता शिसं फिरत होतं.

खंडेनवमीला सकाळी नंदूने अंघोळ करून पाट मांडला. आमच्या घरात ज्याला म्हणून स्क्रू आहे ते सगळं पाटावर येतं. पाना, हातोडी, विळी, मिक्सर, शिवणाचं यंत्र. मी ओट्याला टेकून बघत होते. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो होतो. त्याने कुंकू कालवलं आणि एकेकावर बोटं ओढायला लागला. स्कूटरला लावलं. पाण्याच्या पंपाला लावलं. आतून टीव्हीचा रिमोट आणून त्यालाही लावलं.

मग माळ्यावरून एक पेटी काढली. त्यात सासऱ्यांचा रेडिओ, गंजलेला, केव्हाच मेलेला. त्यालाही बोटं.

"तो बंद पडून किती वर्षं झाली नंदू," मी म्हटलं.

"म्हणून काय झालं? आजच्या दिवशी वगळायचा?"

तो पुढे सरकला. एक तुटका स्क्रूड्रायव्हर, मूठ नसलेला. त्यालाही. नंतर माझा तपासणीचा टॉर्च त्याने हातात घेतला, जुना, धातूचा, मी पाइपात स्वतः उतरायचे तेव्हापासूनचा.

मला एकदम सगळं कळलं. कळलं म्हणजे काय, माहीतच होतं. ज्या माणसाला मेलेला रेडिओ वगळवत नाही, तो माणूस शॉपमध्ये रांगेने ठेवलेल्या, धुतलेल्या, चकचकीत पाइपांपुढे उभा राहून एकाला लावेल आणि बाकीच्यांना तसंच सोडेल?

"नंदू," मी म्हटलं, "खंडेनवमीला ओव्हनसाठी रांगेत किती पाइप उभे असायचे?"

त्याचा हात टॉर्चवर थांबला.

"दुसऱ्या साली? तिसऱ्या साली? निवृत्त झालास त्या साली?"

बोटांवरचं कुंकू सुकायला लागलं होतं. बाहेर टँकरचा भोंगा वाजला आणि बायकांचा गलका झाला. मग त्याने टॉर्च हळूच पाटावर ठेवला, तसाच, न लावता.

"सोडायचा कुठला, चित्रे?" तो म्हणाला. "तूच सांग ना. सगळे समोर उभे. ह्याला लावायचं आणि त्याला नाही, असं कसं करायचं?"

"सगळ्यांना?"

"दर साली. त्या दिवशी जेवढे असतील तेवढ्यांना." त्याने वाटी बाजूला सरकवली. "मी चांगल्यासाठी केलं गो."

"माहिताय रे मला," मी म्हटलं. मी जमिनीवर त्याच्या शेजारी बसले, गुडघे कुरकुरले. मला त्याला मिठी मारायची होती आणि दोन थपडाही द्यायच्या होत्या. शेवटी मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, कारण तेवढीच ताकद होती.

"मीच सांगतो," तो म्हणाला. "तू नको सांगूस. तू सांगितलंस तर म्हणतील बायकोने काढलं बाहेर."

शॉपमध्ये झेंडूची तोरणं लावली होती. पोरं नवे कपडे घालून उभी, आणि खुर्चीवर शाल घडी घालून ठेवलेली. नंदू शिरताच सगळे "या मयेकर काका" म्हणत पुढे आले. कुणीतरी हळदीकुंकवाचं तबक त्याच्या हातात दिलं. तो ते घेऊन ओव्हनपर्यंत गेला. मी मागे सरवदे साहेबांजवळ उभी होते. साहेबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना बहुतेक सगळं समजलं.

नंदूने तबक खाली ठेवलं. रांगेतल्या पहिल्या पाइपाशी गेला, शर्टाची बाही वर केली, रिकामा हात खांद्यापर्यंत आत घातला आणि म्हणाला, "इथे. माझा हात पुरतो तिथे. तोंडाकडून, उजव्या अंगाला. दर खंडेनवमीला मी इथे कुंकू लावायचो. सगळ्या पाइपांना. तुमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं, मीच लपून लावायचो. त्याच्याखाली साय धरलेली नाही. पंपापुढच्या पाइपाचं जे झालंय ना, ते माझं काम."

एका पोराने चुळबूळ केली, दुसऱ्याच्या तोंडून "काका, तुम्ही?" एवढंच निघालं. नंदूला पुढे काय करावं ते सुचेना. हात पाइपातून बाहेर काढायचाही राहिला. शेवटी सरवदे साहेब पुढे झाले आणि त्यांनी त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं. साहेब त्याला म्हणाले, "मयेकर, हे तुम्ही सांगितलंत, बरं झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तिन्ही केंद्रं." मी मान हलवली. साहेब फोन करायला गेले. शाल खुर्चीवरच राहिली.

आफरीनने लगेच हिशेब मांडला. जागा नेमकी कळली होती, म्हणून घोरपडीला पाइपाचा सगळा पोटभाग चालत बसायची गरज नव्हती, तोंडाशी हातभर गेली की पुरे. तरी शिसं उपसायचं, पाइप निवू द्यायचे. दिवाळी काही चालू केंद्राची नव्हती. घाटावरच्या एका केंद्रात एका भागातलं शिसं दुरुस्तीसाठी आधीच उपसलेलं होतं, तिथून संध्याकाळपर्यंत पहिलं चित्र आलं. आफरीनने ते आणून माझ्यापुढे ठेवलं. चार रेघा, एक खाली, तिसरी आखूड. आणि रेघांखाली पोलाद निम्मं.

"अजून एखादं वर्ष गेलं असतं तर..." ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "पुढचं नको बोलूस."

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन दर साली आमच्याकडे रीघ लागते. शॉपची पोरं येतात, नंदूच्या पाया पडतात, मी त्यांना करंज्या देते. यंदाही करंज्या केल्या होत्या, सवयीने. नंदू तोच इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत बसला होता. कुणी आलं नाही. मंदावहिनी कळशी घेऊन टँकरकडे गेल्या. आमच्या घराशी आल्या आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली. गावात बातमी पोचली होती. पाणी नाही, बर्फ नाही, आणि का नाही तेही आता सगळ्यांना माहीत. त्यांचा राग मला कळत होता. पण रोज पानाची सुपारी मागायला येणाऱ्या बाईने असं करावं ह्याचं वाईट वाटलंच.

"चहा करू?" मी विचारलं.

"नको."

"करंजी?"

"नको गो." तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. हात इतका घासून धुतला होता की बोटं लाल झाली होती. "चित्रे, ह्या हाताने काय म्हणून करायचं आता?"

मला सकाळी घाटावर निघायचं होतं. तिथल्या त्या उपसलेल्या भागात काही पाइप असे बसवलेत की घोरपड वळत नाही, माणसालाच टॉर्च घेऊन आत वाकावं लागतं, आणि ते करायची सवय असलेली माणसं आता उरलीच किती? पाय सुजलेलेच होते. मी आत जाऊन पिशवी भरली. टॉर्च घ्यायला देवघराशी गेले. पाट तसाच होता, सगळ्यांवर कुंकू वाळलेलं, रेडिओवरसुद्धा. फक्त टॉर्च कोरा होता.

मी तो उचलला, कुंकवाची वाटी घेतली आणि पडवीत येऊन त्याच्यासमोर धरली.

"हा राहिला."

त्याने मान हलवली. "नको. मला हात लावायची भीती वाटते."

"सगळ्यांना लावलंस आणि माझ्याच टॉर्चला नाही? मी उद्या ह्याच्यावर तुझे पाइप बघणार आहे."

"चित्रे, नको म्हटलं ना."

"बाहेरून लाव," मी म्हटलं. "मुठीवर. सगळ्यांना दिसेल असं."

त्याने टॉर्चच्या मुठीकडे बघितलं. मग त्याने वाटीत बोटं बुडवली. मी त्याचं मनगट धरलं. त्याने पाचही बोटं ओढली, तिसरी आखूड, आणि त्याला रडू आवरेना. मी टॉर्च वाळेपर्यंत हातात धरून बसले आणि मग पिशवीत सगळ्यात वर ठेवला.